शिकारी रायफल आणि तिचा परवाना : नगर जिल्ह्यातील एका वारशाचे ऐतिहासिक वाचन

प्रास्ताविक

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील काही जुन्या घरांत खंडेनवमीला शस्त्रपूजन होते, तेव्हा तलवार, कट्यार आणि भाल्याच्या पात्याशेजारी पाटावर एखादी लांब नळीची रायफलही ठेवलेली दिसते. तिला हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ घातली जाते आणि दसरा झाला की ती पुन्हा कपाटात कुलूपबंद होते. वर्षभरातील तिचे काम एवढेच. जिच्यासाठी ती घडविली गेली ती शिकार कायद्याने बंद होऊन अर्धशतक लोटले आहे. तिच्या मापाची काडतुसे बहुधा मिळत नाहीत. परवान्याचे नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करणे, वारसनोंद अशी कटकट मात्र कायम असते. असे असूनही घरातील माणसे ती सोडावयास तयार नसतात. आणि अमुक गावी अमुक इंग्रजी बनावटीची रायफल आहे असे कानी आले, की तिच्या मागावर राहणारे हौशी लोकही निघतात.

या ओढीची तीन कारणे साधारणपणे सांगितली जातात : कारागिरी, किंमत आणि पूर्वजांचा पराक्रम. कारागिरीचे कारण खरे आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादावरची निळसर झाक, घोड्यावर आणि चापाच्या कडीवर कोरलेली वेलबुट्टी पाहिली म्हणजे शस्त्रांविषयी मुळीच आस्था नसलेला मनुष्यही क्षणभर थबकतो. किंमतीचे कारणही अगदीच खोटे नाही. परदेशी शस्त्रांची खासगी आयात स्वातंत्र्योत्तर काळात आटत गेल्यामुळे देशात आहेत तेवढ्याच जुन्या रायफली हातोहात फिरत राहतात. पराक्रमाच्या कारणाबद्दल मात्र शंका घेण्यास जागा आहे, तिचा विचार पुढे येईलच.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, नगर जिल्ह्यात या वस्तूचे मोल प्रथमपासून तिच्या परवान्याशी जखडलेले आहे. रायफल बाळगणे म्हणजे ती बाळगण्याची मुभा मिळालेल्या थोड्या लोकांत गणले जाणे. वारसाहक्काने जे उतरते त्यात पोलाद आणि लाकूड यांच्याबरोबर ही मुभाही असते, आणि तिचा इतिहास वाचल्याशिवाय या ओढीचा उलगडा होत नाही.

बंदूक आणि रायफल

बोलण्यात आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. इतिहासाला ते चालत नाही. तोड्याची, चकमकीची आणि टोपीची अशा क्रमाने बंदूक बदलत गेली, पण ती ठासणीची असो वा काडतुसाची, एकनळी असो वा दुनळी, तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे पाडलेले असतात. गोळी त्या आट्यांना धरून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि म्हणून दूरवर सरळ जाते. बंदूक पन्नास पावलांवरचे काम करते. रायफल दोनशे पावलांवरचे. पिकाची राखण, घराची राखण, पाखरे मारणे यांना बंदूक पुरते. रायफल हवी असते ती दोनच कामांना, मोठ्या जनावराच्या शिकारीला आणि युद्धाला. सरकारला ती प्रजेच्या हाती नको असते ती या दुसऱ्या कारणामुळे, आणि हौशी माणसाला हवीशी वाटते ती बहुतांशी सरकारला नको असते म्हणून.

हा भेद आजच्या कायद्यातही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम गुळगुळीत नळीच्या, किमान वीस इंच नळी असलेल्या बंदुकीला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीच्या बंदुकीला पीकसंरक्षणासाठी, तुलनेने मोकळ्या मनाने परवाना देते. मोठ्या मापाच्या रायफलीला ती सवलत नाही.

माळरान आणि माळढोक

नगर जिल्ह्याची भूमी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा मुख्य कणा, कळसूबाई व हरिश्चंद्रगडाची रांग, दाट झाडी आणि खोल दऱ्या. पूर्वेस व दक्षिणेस शेवगाव, पाथर्डी, कर्जत, श्रीगोंदे, जामखेड या तालुक्यांतील पर्जन्यछायेची उघडी माळराने. डोंगरात वाघ-बिबट्याची शिकार हाका घालून किंवा मचाण बांधून होई. माळावर आडोसाच नाही. काळवीट माणसाला फर्लांगभरावरून पाहतो आणि निघून जातो. अशा ठिकाणी गुळगुळीत नळीची बंदूक निरुपयोगी ठरते. माळाने शिकाऱ्याकडून लांब पल्ल्याची रायफलच मागितली, असे म्हणता येईल.

परंतु या माळाची पहिली मोठी शिकारनोंद रायफलीच्या आधीची आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारले, ही नोंद पक्षिशास्त्रीय लेखनात वारंवार उद्धृत केली जाते. वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस पक्षी. हा काळ चकमकीच्या बंदुकीचा अखेरचा आणि टोपीच्या बंदुकीचा अगदी आरंभीचा. दारू ओतायची, गोळी किंवा छरे ठासायचे, गज काढून घ्यायचा, कानावर रंजक घालायचे आणि मग नेम धरायचा. तेवढ्यात उडून न गेलेला पक्षी मिळायचा. अशा साधनांनी एका माणसाने ९६१ माळढोक मारले, यावरून माळढोकांची विपुलता कळते, आणि मोजून ठेवण्याची वृत्तीही कळते. मारलेल्या जनावरांचा हिशेब वहीत मांडणे ही इंग्रजांनी आणलेली रीत होय. आपल्याकडे शिकार होत नव्हती असे नाही. निजामशाही सुलतान, मोगल, मराठे सरदार सगळेच शिकार करीत. चित्ते पाळून काळवीट धरण्याची प्रथा कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकापर्यंत टिकली. पण संख्येची वही ठेवून तिच्यावर प्रतिष्ठा उभारणे हे नवे होते, आणि नगरच्या पुढील पिढ्यांतील शिकारी मंडळींनी ते उचलले.

हत्यारे उतरविणे

१८५७ च्या धामधुमीत जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे झालेल्या चकमकीत अहमदनगरचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ठार झाले. त्याआधी अकोले तालुक्यातील राघोजी भांगरे यांच्या बंडाने कंपनी सरकारला कित्येक वर्षे झुंजविले होते; राघोजींना १८४८ मध्ये ठाणे येथे फाशी देण्यात आले. डोंगरी मुलखातील माणसांच्या हाती हत्यार राहू देणे परवडणार नाही हा धडा सरकारने या प्रसंगांतून घेतला. १८६० च्या कायद्याने शस्त्रांवर प्रथम व्यापक नियंत्रण आले. पुढे १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यात कुणब्यांनी प्रामुख्याने कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. बंदुकीचा त्याच्याशी संबंध नव्हता. परंतु दख्खनचा शेतकरी शांत आहे हा सरकारचा समज तेव्हा पार मोडला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा (त्या वर्षीचा अकरावा) झाला तो साऱ्या हिंदुस्थानासाठी, नगरपुरता नव्हे. पण तो येथे लागू झाला तेव्हा दंग्यांची आठवण तीनच वर्षांची होती, आणि पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना हाताशी धरून शेजारच्या मुलखात बंड पुकारले.

१८७८ च्या कायद्यातील खरी मेख परवान्यात नसून परवान्यातून दिलेल्या सुटीत होती. युरोपियन आणि युरेशियन लोकांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागत नसे. किताबधारी व निवडक मानकरी यांच्यासाठीही सूट होती. उरलेल्या प्रजेने अर्ज करावा, कलेक्टर कचेरीत खेटे घालावेत आणि मिळाला तर परवाना घ्यावा. या भेदभावाचा निषेध करणारा ठराव राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच केला. वांशिक भेद नियमांतून काढण्यास १९२० साल उजाडले. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, ठरावीक नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद आहे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मात्र तो आला नाही. कोडगू येथील कोडवा समाजाला मिळालेली सूट अद्याप चालू आहे, ही त्या जुन्या व्यवस्थेची एक शिल्लक खूण.

अशा व्यवस्थेत नगर जिल्ह्यातील एखाद्या देशमुखाला अथवा इनामदाराला रायफलीचा परवाना मिळणे म्हणजे काय, हे सहज ध्यानी येईल. सरकारने त्याच्यावर विश्वास टाकला आहे, तो साहेबाबरोबर शिकारीस जाऊ शकतो, गावात बाकीच्यांकडे असलीच तर ठासणीची बंदूक असेल आणि त्याच्याकडे काडतुसाची रायफल आहे, हे सारे त्या एका कागदात सामावलेले होते. घराण्यात जो पराक्रम म्हणून सांगितला जातो, त्यातील पुष्कळसा भाग या कागदाचा असतो. वाघ मारल्याची कथा दर पिढीगणिक वाढत जाते; परवाना ज्या तारखेस मिळाला ती तारीख मात्र वाढत नाही.

नळीवरील मजकूर

जुनी रायफल हाती आली तर तिच्याकडून काय शिकता येते, याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. कारण आपल्याकडे ताम्रपट, शिलालेख, मोडी दप्तर यांच्या वाचनाची परंपरा आहे, पण पोलादावरील अक्षरे वाचण्याची नाही.

इंग्लंडमध्ये तयार झालेली प्रत्येक नळी विक्रीपूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहात जादा दारू भरून तपासली जाई आणि तिच्यावर शिक्का मारला जाई. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. लंडनचे त्याहून कितीतरी जुने. १९०४ नंतर धूररहित दारूच्या चाचणीसाठी ‘एनपी’ या अक्षरांचा वेगळा शिक्का सुरू झाला, म्हणून तो असणे वा नसणे यावरून रायफलीचे वय अदमासता येते. कॉर्डाइट दारू किती आणि गोळीचे वजन किती हेही पुष्कळदा नळीवर कोरलेले असते. कारखानदाराचा पत्ता हा आणखी एक दुवा. लंडनच्या पेढ्या जागा बदलीत आणि नव्या नळ्यांवर नवा पत्ता घालीत. अनुक्रमांक हा सर्वांत मोलाचा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या पेढ्यांनी आपल्या जुन्या खतावण्या जपून ठेवल्या आहेत. अनुक्रमांकावरून ती रायफल कोणत्या साली, कोणत्या मापाची, कोणासाठी तयार झाली हे त्यांत सापडू शकते. आपल्या पेशवे दप्तरातील किर्दीप्रमाणेच हे व्यापारी दप्तर आहे आणि त्यात दख्खनच्या गिऱ्हाइकांचा माग लागण्याची शक्यता आहे.

माप हेही इतिहास सांगते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०७ च्या सुमारास, हिंदुस्थान सरकारने ४५० मापाच्या रायफली व काडतुसे आयात करण्यास बंदी घातली. सैन्यातील जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्या बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या. शिकारीची काडतुसे, निदान त्यांच्या गोळ्या, त्यांना पुरविल्या जातील अशी भीती होती. इंग्रज कारखानदारांनी लगोलग ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे काढली. म्हणजे आज जगभरच्या संग्राहकांना भुरळ घालणारी ४७० मापाची दुनळी रायफल प्रसार पावली, ती हिंदी प्रजेविषयीच्या सरकारी धास्तीमुळे. तीच गोष्ट देशी रायफलीची. ३०३ हे सैन्याचे माप असल्याने ते नागरिकाला निषिद्ध. म्हणून इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ मापाची शिकारी रायफल तयार होऊ लागली, आणि आपल्याकडील सामान्य परवानाधारकाच्या हाती पोहोचली ती हीच. तिला संग्राहक फारसे विचारीत नाहीत. नगर जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाला मात्र तीच अधिक जवळची आहे, असे माझे मत आहे. विलायती दुनळी थोड्या घरांत होती. ३१५ ही स्वातंत्र्यानंतर नव्याने वर आलेल्या बागायतदाराची रायफल.

रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटविलेली विक्रेत्याची चिठ्ठी ही तर पाहायलाच हवी. मुंबईत आर्मी अँड नेव्ही या सहकारी भांडाराची शाखा १८९१ मध्ये निघाली. काळा घोडा परिसरातील तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. अधिकाऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू, तंबूपासून रायफलीपर्यंत, तेथील सूचिपत्रात असे. नगरसारख्या छावणीच्या गावी बदलून आलेला अधिकारी रायफल घेऊन येई आणि मायदेशी परतताना पुष्कळदा येथेच विकून जाई. तिचा दुसरा मालक देशी असे. जुन्या परवान्याच्या वहीत हा पालट दिसू शकतो. म्हणून वही हरवलेली रायफल ही निम्मी मुकी असते.

एका रायफलीचा सगळा माग कसा लागतो याचे प्रसिद्ध उदाहरण जिम कॉर्बेट यांचे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना २७५ मापाची रिग्बी रायफल भेट दिली. दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर तसा मजकूर कोरलेला आहे. पुढे ती त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, गेली आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळविली. कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ मध्ये प्रथम मुंबईतून प्रसिद्ध झाले होते, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. ती रायफल बाजारातील अन्य रिग्बी रायफलींहून काही वेगळी नाही. तिचे मोल तिच्याविषयी जे लिहून ठेवले गेले त्यात आहे.

ज्यांची नावे नाहीत

लिहून ठेवले गेले नाही त्याचाही विचार करावयास हवा. शिकारीच्या जुन्या छायाचित्रांत मध्यभागी जनावर, त्याच्यावर एक पाय ठेवून रायफलधारी, बाजूस पाहुणे आणि मागे दाटीने उभे असलेले दहा-वीस लोक दिसतात. मागच्यांची नावे खाली नसतात. हे हाकारे. अकोल्याच्या डोंगरात ते महादेव कोळी आणि ठाकर असत, उत्तरेकडे भिल्ल, माळावर पारधी. जनावर कोठे बसते, कोणत्या वाटेने पाण्यावर येते हे त्यांना ठाऊक असे. हातात काठी किंवा डबा घेऊन ते झाडीत शिरत. जखमी बिबट्या प्रथम त्यांच्यावर येई.

पारध्यांची गोष्ट तर अधिकच विदारक आहे. फासे लावून हरीण आणि तितर धरणे हा फासेपारध्यांचा पिढीजात व्यवसाय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि या लोकांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. त्याच माळावर, त्याच काळविटासाठी, रायफल घेऊन जाणारा मनुष्य खेळाडू ठरला आणि फासे घेऊन जाणारा गुन्हेगार. साधन अधिक घातक कोणते, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही. जुन्या रायफलीच्या मोहात पडलेल्या माणसाने तो स्वतःला विचारावा. मीही या विषयात रमलेलो असल्याने तो स्वतःला विचारला आहे आणि समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

जीप, दुष्काळ आणि १९७२

माळाचा शेवट रायफलीने एकटीने केला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या विक्रीस निघाल्या. रात्री जीपवर प्रखर दिवा लावून डोळे दिपलेल्या काळविटांवर गोळ्या घालण्याचा प्रकार देशभर बोकाळला. त्याला शिकार म्हणावयास जुने शिकारीही तयार नसत. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायद्याने परवाना आणि बंदीचा हंगाम घालून दिला होता, पण तो माळावर पाळला गेला नाही. दरम्यान प्रवरेच्या काठी १९५० मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे मुळेचे पाणी आले, आणि गवताची राने उसाखाली व अन्य पिकांखाली जाऊ लागली. माळढोकाला उंच पीक आणि माणसांची वर्दळ दोन्ही सोसत नाही.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ हे वर्ष तर या विषयात विलक्षण म्हटले पाहिजे. जिल्हा भीषण दुष्काळात होरपळत होता, माणसे खडी फोडत होती. आणि त्याच वर्षी दिल्लीत दोन कायदे झाले. एक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, ज्याने शिकारी रायफलीचे काम काढून घेतले. १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरलेही गेले. दुसरा पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, ज्याने शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूला पुरावशेषाचा दर्जा दिला. एका कायद्याने रायफल निरुपयोगी झाली, दुसऱ्याने ती कालांतराने इतिहासात जमा होण्याची वाट मोकळी केली. १९१०-२० च्या सुमाराच्या रायफली आता ती शंभरी ओलांडून गेल्या आहेत.

वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाकडे नगरच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने आपले नाव वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंदवावे, असे ते सांगते. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित झाले, त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतील गावेच्या गावे त्यात होती. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे या भागातील प्रत्येक परवानाधारकाची एक यादी तयार व्हावयास हवी होती. ती झाली असल्यास जिल्ह्यातील शस्त्रधारक वर्गाचे तिच्याइतके उत्तम साधन दुसरे नाही. पुढे या अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. १९८० मध्ये काळविटांसाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झाले, ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. काळवीट तेथे आणि आसपासच्या शेतांत आहेत. माळढोक मात्र जिल्ह्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

उलट बिबट्या उसात शिरला. अकोले परिसरात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साह्याने केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे त्यात दिसले. अंगणात बिबट्या आला की घरातील जुन्या रायफलीचा विषय हटकून निघतो. तिचा उपयोग करण्याची मुभा नाही. ठार मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकांनीच द्यावा लागतो. आजोबांनी बिबट्या मारलेली रायफल भिंतीआड, आणि बिबट्या गोठ्याच्या दारात, अशी ही स्थिती आहे.

दोनचा हिशेब

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीन शस्त्रे बाळगण्याची मर्यादा आली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली, आणि वारसाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लावली. तिसरे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे होते. घरात पिकाच्या व घराच्या राखणीची बारा बोअरची बंदूक, स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर आणि आजोबांची रायफल असली, तर कोणते शस्त्र जाईल हे सांगावयास नको. ज्याची काडतुसे मिळत नाहीत तेच जाणार.

फेब्रुवारी २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि ‘क्युरिओ’ या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे नुसती बाळगण्यास परवाना लागणार नाही असे ठरले. वापर व वाहतूक यांना मात्र तो लागतोच. ही सवलत जुन्या रायफलींना तारू शकते. पण एखादे शस्त्र या वर्गात बसते हे दाखवावयाचे तर त्याचे वय, दुर्मीळता, ऐतिहासिक मोल सिद्ध करावे लागणार, आणि त्याला नळीवरील शिक्के, खतावणीतील नोंद, जुनी वही हाच पुरावा. तो गोळा करणारे कोणी नाही. अमेरिकेत १८९८ वा तत्पूर्वी तयार झालेले शस्त्र पुरातन मानतात, तेथे तारीख पाहिली की काम झाले. आपल्याकडे इतिहास सांगावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगले निमंत्रण कोणते?

नगर शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९४ पासूनचे ते संग्रहालय पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. निजामशाहीची तोफ म्हणजे १५४९ मध्ये नगर येथे ओतलेली मलिक-ए-मैदान, ती विजापुरास आहे. तोफ आणि रणगाडा यांच्या मधल्या काळातील नागरी शस्त्राचा या जिल्ह्याने काही विचार केलेला नाही. त्यासाठी शस्त्रे गोळा करण्याची गरज नाही, किंबहुना तसे करूही नये. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी घरोघरी जाऊन एक नोंदपत्रक भरावे. नळीवरील प्रत्येक अक्षर, शिक्क्यांची छायाचित्रे, पेटीतील चिठ्ठी, परवान्याच्या वहीची सर्व पाने. मालकाचे नाव व गाव गुप्त ठेवावे. चोरीची भीती खरी आहे. वहीत काडतूस खरेदीच्या नोंदीची पाने असतात, त्यांतील शेवटची नोंद कोणत्या वर्षाची आहे हे अवश्य टिपावे. घराण्याने शिकार केव्हा थांबविली याचे उत्तर तोंडी कथेपेक्षा त्या पानावर अधिक खरे मिळेल.

आणि नोंदपत्रकाचा अर्धा भाग दुसऱ्या गावात भरावा लागेल. मालकाला विचारावे, हाक्याला कोण येत असत? त्या वस्तीवर जावे. १९६० च्या दशकात वडिलांबरोबर हाक्याला गेलेली पोरे आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांना रायफलीचे माप ठाऊक नसते, पण बार कोठून झाला, जनावर कोणत्या ओढ्यात पडले आणि त्या दिवशी मजुरी काय मिळाली, हे त्यांच्या स्मरणात असू शकते.